मोजलेले पाणी आणि मानलेले पाणी

कोणत्याही लघुजलविद्युत प्रकल्पाचा सविस्तर अहवाल, ज्याला सगळे डीपीआर म्हणतात, हाती घेतला की त्यात नकाशे असतात, यंत्रांची वर्णने असतात, खर्चाची अंदाजपत्रके असतात. या सगळ्याच्या आधी एक रुक्ष तक्ता असतो. महिन्याचे तीन भाग पाडून दर दहा दिवसांचा ओढ्याचा सरासरी विसर्ग त्यात मांडलेला असतो. वर्षाला असे ३६ आकडे, आणि वर्षे दहा, वीस किंवा तीस. पुढचे सारे काही या तक्त्यावर उभे राहते. बोगद्याचा किंवा पेनस्टॉकचा, म्हणजे टर्बाइनवर पाणी सोडणाऱ्या नळाचा, व्यास, टर्बाइनची संख्या, वर्षाला मिळणारी युनिटे, कर्जाचा हप्ता आणि भागधारकाचा परतावा यांची मुळे तिथेच असतात. तरीही पैसे घालणारा माणूस बहुधा शेवटच्या पानांवरचा परताव्याचा दर पाहतो आणि हा तक्ता उलटून टाकतो. माझे म्हणणे असे की गुंतवणुकीचा निर्णय होण्याआधी हा तक्ता, आणि त्यावर बांधलेली प्रत्येक गोष्ट, प्रकल्प झाला काय नि न झाला काय, ज्याचे काहीही बिघडत नाही अशा तज्ज्ञाने तपासली पाहिजे. आणि प्रकल्प जितका लहान, तितकी ही तपासणी जास्त कडक हवी. आपल्याकडची व्यवस्था नेमकी याच्या उलट बांधलेली आहे.

भारतात २५ मेगावॉटपर्यंतचा जलविद्युत प्रकल्प ‘लघु’ मानला जातो आणि तो नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो. आयआयटी रुरकीने संकलित केलेल्या यादीत अशा ७,१३३ जागा आहेत. त्यांची एकत्रित क्षमता सुमारे २१ हजार मेगावॉट, तर प्रत्यक्षात उभी राहिलेली पाच हजार मेगावॉटच्या आसपास. म्हणजे पुष्कळ काम अजून व्हायचे आहे. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत २५ मेगावॉटपेक्षा कमी क्षमतेचे जलविद्युत प्रकल्प येत नाहीत. त्यांना पर्यावरण मंजुरी लागत नाही, त्यामुळे जनसुनावणीही होत नाही. २००३ च्या वीज कायद्यानुसार केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची तांत्रिक संमती लागते ती केंद्राने ठरवलेल्या रकमेपेक्षा मोठ्या खर्चाच्या योजनांना, आणि लघुप्रकल्प त्या रकमेच्या खूपच खाली राहतात. राज्यांच्या ऊर्जा विकास संस्था डीपीआर मंजूर करतात खरे, पण अहवाल कागदावर सुसंगत आहे एवढे पाहणे वेगळे आणि कागदावरचे पाणी ओढ्यात आहे का हे जाऊन पाहणे वेगळे. ‘लहान आहे, चालू द्या’ ही या सवलतींमागची भूमिका उद्योगाला उत्तेजन द्यावे म्हणून घेतली गेली. तिचा परिणाम असा झाला की जिथे अनिश्चितता सर्वांत मोठी, तिथेच प्रश्न विचारणारे सर्वांत कमी उरले.

अनिश्चितता मोठी का, हे नीट पाहायला हवे. मोठ्या धरणाकडे साठा असतो; एखादा कोरडा पंधरवडा तो पचवू शकतो. लघुप्रकल्प बहुतेक वेळा वाहत्या पाण्यावर चालतो. बंधाऱ्याने पाणी वळवायचे, कालव्याने किंवा नळाने डोंगराच्या कडेने न्यायचे आणि उंचीचा फरक मिळाला की टर्बाइनवर सोडायचे. आज आलेले पाणी आजच वापरायचे, नाहीतर ते वाहून गेले. त्यातून एकच ओढा, एकच नळ, वीज बाहेर नेणारी एकच वाहिनी. यांतले एक बंद पडले की उत्पन्न शून्य. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. साधे गणित करून पाहू. समजा एका प्रकल्पाचे अपेक्षित वार्षिक उत्पन्न १०० रुपये, देखभाल-पगार-विमा यांचा खर्च २० रुपये आणि बँकेचा हप्ता ६२ रुपये. हातात १८ रुपये उरतात, बँक समाधानी असते. आता पाणी अंदाजापेक्षा १० टक्के कमी निघाले, नळातल्या घर्षणाचा अंदाज ३ टक्के चुकला, यंत्राची कार्यक्षमता ३ टक्के कमी भरली आणि गावाकडच्या वाहिनीतील बिघाडांमुळे ५ टक्के वेळ वाया गेला. यांतली एकही चूक एकेकटी घेतली तर भयंकर नाही. पण त्यांचा गुणाकार होतो आणि उत्पन्न १०० वरून ८० वर येते. खर्च वजा जाता ६० उरतात आणि हप्ता ६२ चाच असतो. पाच मेगावॉटचा प्रकल्प ४५ टक्के वापर-गुणांकाने, म्हणजे वर्षभराच्या पूर्ण क्षमतेच्या ४५ टक्के चालून, वर्षाला सुमारे १ कोटी ९७ लाख युनिटे देईल असे धरले होते आणि गुणांक ३६ टक्के निघाला, तर १ कोटी ५८ लाख मिळतील. एवढ्या फरकात एक चांगला दिसणारा प्रकल्प थकीत कर्जांच्या यादीत जातो. हा ४५ टक्क्यांचा आकडाही कोठून येतो ते पाहा. केंद्रीय वीज नियामक आयोगाने दर ठरवण्यासाठी हिमाचल, उत्तराखंड, ईशान्येसारख्या राज्यांना ४५ आणि इतर राज्यांना ३० टक्के असा मापदंड धरला. तो दर ठरवण्याचा मापदंड आहे, एखाद्या विशिष्ट ओढ्याबद्दलचे वचन नव्हे. अहवालात हिशेबाची सुरुवात त्याच आकड्यापासून झालेली दिसली, तर परीक्षकाने तिथेच थांबून पहिला प्रश्न विचारला पाहिजे.

म्हणून तपासणीची सुरुवात पाण्यापासून. लघुप्रकल्प ज्या ओढ्यांवर येतात त्यांवर सरकारी मापन केंद्र जवळपास कधीच नसते. मग खालच्या मोठ्या नदीवरच्या केंद्राचे आकडे घेतले जातात आणि पाणलोट क्षेत्राच्या प्रमाणात कापले जातात. नदीचे पाणलोट हजार चौरस किलोमीटर, ओढ्याचे पन्नास, म्हणून नदीच्या पाण्याचा विसावा भाग ओढ्यात. या पद्धतीला शास्त्रात स्थान आहे, पण पाऊस आणि जमीन दोन्हीकडे सारखी असतील तरच. डोंगरात ती सारखी नसतात, हे महाराष्ट्रातल्या माणसाला वेगळे सांगावे लागू नये. महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि घाट उतरून वाईला आले की तो हजाराच्याही आत येतो. हिमालयात बर्फ, हिमनद्या आणि पावसाच्या सावलीतली खोरी हे सारे त्यात मिसळते. प्रवर्तकाने स्वतः एक-दोन वर्षे मोजणी केली असेल तर ती पावसाची चांगली वर्षे होती की वाईट, हे आजूबाजूच्या जुन्या पर्जन्यनोंदींशी ताडून पाहावे लागते. या कामाला फार मोठी यंत्रे लागत नाहीत. खळाळत्या, दगडधोंड्यांच्या प्रवाहात पंख्याचे मापक नीट चालत नाही, तिथे मिठाची पद्धत वापरतात. मोजून घेतलेले साधे मीठ बादलीत विरघळवायचे, वरच्या बाजूला एकदम ओतायचे आणि ते पाण्यात पूर्ण मिसळेल एवढ्या अंतरावर खाली विद्युतवाहकता मोजणारे उपकरण धरून दर काही सेकंदांनी आकडा टिपायचा. वाहकता चढते, शिखर गाठते, हळूहळू उतरते. त्या वक्राखालच्या क्षेत्रफळावरून विसर्ग निघतो. काठावर रंगवलेली मापनपट्टी रोवायची, पाण्याच्या वेगवेगळ्या पातळ्यांना ही मोजणी पुन्हा करायची, म्हणजे पातळीवरून विसर्ग सांगणारा वक्र तयार होतो. पुढे रोज सकाळ-संध्याकाळ पट्टी वाचणारा एक विश्वासू स्थानिक माणूस पुरतो. मात्र फेब्रुवारी-मार्चच्या आटलेल्या पाण्यात मोजणी झाली आहे का, हे परीक्षकाने मूळ वह्या मागून पाहावे. पावसाळ्यात पाणी सगळ्याच ओढ्यांना असते. ओढा किती खोल पाण्याचा आहे ते उन्हाळा सांगतो.

पाण्याचे आकडे विश्वासार्ह ठरले की त्यांतून वजाबाकी सुरू होते, आणि इथेही डोळे उघडे ठेवावे लागतात. बंधाऱ्याखाली नदी जिवंत राहावी म्हणून सोडायचे पाणी आधी वजा करायचे. हिमाचल प्रदेशाने कोरड्या हंगामातल्या किमान प्रवाहाच्या १५ टक्क्यांची अट घातलेली आहे. वरच्या गावांच्या कूहली, म्हणजे डोंगरी पाट, आणि पाणचक्क्या यांचा हक्क वजा करायचा. त्याच ओढ्यावर वरच्या बाजूला आणखी दोन प्रकल्पांना परवाने दिले गेले असतील, तर त्यांच्या वापराचा परिणाम धरायचा. मग नळ. नळाचा व्यास १० टक्क्यांनी कमी केला तर पोलादाचा खर्च वाचतो आणि अंदाजपत्रक देखणे दिसते, पण घर्षणातला ऱ्हास व्यासाच्या पाचव्या घाताने बदलत असल्याने तो जवळपास १.७ पट होतो. ही वीज पुढची पस्तीस-चाळीस वर्षे रोज गमावली जाते. अशी काटकसर डीपीआरमध्ये चटकन नजरेत भरत नाही. ती शोधायला आराखड्यातील व्यास, जाडी आणि विसर्ग घेऊन स्वतंत्रपणे गणित करून पाहणारा अभियंता लागतो.

गाळाचा प्रश्न तर मला सर्वांत दुर्लक्षित वाटतो, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. हिमालयातल्या नद्यांच्या वाळूत क्वार्ट्झचे प्रमाण मोठे असते आणि क्वार्ट्झ टर्बाइनच्या पोलादापेक्षा कठीण असतो. पश्चिम नेपाळमधला झिमरुक हा १२ मेगावॉटचा प्रकल्प १९९४ मध्ये सुरू झाला. वीज देणारा, गावांना उपयोगी पडलेला असा हा प्रकल्प, पण त्याच्या फ्रान्सिस टर्बाइनची पाती पावसाळ्यागणिक झिजत राहिली आणि दरवर्षी दुरुस्ती हा तिथला नित्यक्रम झाला. २००३ मध्ये तिथे काळजीपूर्वक मोजणी झाली तेव्हा अवघ्या अडीच महिन्यांत यंत्राची कार्यक्षमता उत्तम भारावर ४ टक्क्यांनी आणि चतुर्थांश भारावर ८ टक्क्यांनी घसरल्याचे दिसले. रनर, म्हणजे टर्बाइनचे पात्यांचे फिरते चाक, बाहेर काढला की पात्यांच्या कडा कातरलेल्या, पृष्ठभागावर खवले उठलेले आणि कडेच्या फटी रुंदावलेल्या दिसतात. पाणी काम न करताच त्या फटींतून निसटते. याचा अर्थ असा की डीपीआरमध्ये ९० टक्के कार्यक्षमता लिहिली असेल तर ती पहिल्या दिवसाची आहे. परीक्षकाने विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. पावसाळ्यात गाळाचे नमुने घेतले का? त्यांतल्या खनिजांची तपासणी झाली का? गाळ बसवणारी टाकी किती बारीक कण अडवते? लेप दिलेले रनर घेतले आहेत का, आणि दुरुस्तीच्या काळात लावायला दुसरा रनर खर्चात धरला आहे का? सतलजवरचा १,५०० मेगावॉटचा नाथपा झाकडी प्रकल्पसुद्धा गाळ ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की बंद ठेवावा लागतो. त्या प्रकल्पाला ते परवडते. पाच मेगावॉटवाल्याने पावसाळ्यातले असे बंद दिवस हिशेबात धरले नसतील, तर सर्वाधिक पाण्याचे महिनेच त्याच्या हातून जातात.

यानंतर येतो डोंगर. जानेवारी २०१४ मध्ये मनालीजवळच्या अलेओ येथे ४.८ मेगावॉटच्या प्रकल्पात चाचणीच्या वेळीच साठवण टाकीची भिंत फुटली. जून २०१३ च्या केदारनाथ महापुरात मंदाकिनी खोऱ्यातल्या कालीगंगासारख्या छोट्या प्रकल्पांची वाताहत झाली. आणि ७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोली जिल्ह्यात रोंटी शिखराच्या कड्यावरून सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर खडक आणि बर्फ सुटले, रैणी गावाजवळचा १३.२ मेगावॉटचा ऋषिगंगा प्रकल्प त्याखाली नाहीसा झाला आणि खाली तपोवनपर्यंत मिळून दोनशेहून अधिक माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. इथे हमखास आक्षेप येतो की अशी आपत्ती कोणता परीक्षक ओळखणार होता. तो कडा त्या सकाळी सुटेल हे कोणीच सांगू शकले नसते, हे मान्य. पण गुंतवणुकीपूर्वीच्या परीक्षणाचे काम तारीख सांगणे हे नाहीच. हिमनद्यांखालच्या अरुंद घळीत, याआधी पुराचे तडाखे सोसलेल्या जागी, बंधारा आणि विद्युतगृह ठेवल्यास जोखीम कोणत्या श्रेणीची आहे, हे सांगता येते. विद्युतगृह आणखी वर किंवा जमिनीखाली नेता येईल का, वरच्या बाजूला इशारा देणारी यंत्रणा बसवून कामगारांना बाहेर पडायला काही मिनिटे मिळतील का, हे सांगता येते. ऋषिगंगा प्रकल्प पुरात नुकसान होऊन आधीही बंद पडला होता आणि दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून नव्या मालकाकडे गेला होता. रैणीच्या ग्रामस्थांच्या वतीने २०१९ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयात सुरुंगस्फोट आणि राडारोडा टाकण्याविरुद्ध याचिकाही दाखल झाली होती. पंधरा मेगावॉटच्या आतल्या एका प्रकल्पाबद्दल इतके इशारे जमा होतात आणि ते सगळे एका ठिकाणी मांडून वाचण्याची सक्ती कायदा कोणावरही करत नाही. मालकी बदलतानाचे परीक्षण पहिल्या गुंतवणुकीइतकेच सक्तीचे असावे असे मला वाटते ते यासाठी.

महाराष्ट्रात चित्र वेगळे आहे, पण युक्तिवाद तोच राहतो. आपल्याकडचे लघुप्रकल्प मुख्यतः धरणाच्या पायथ्याशी आहेत: भाटघर, वीर, पानशेत, वरसगाव, भंडारदरा. २००५ च्या धोरणाने खासगी गुंतवणुकीला दार उघडले तेही प्रामुख्याने अशाच जागांवर. इथे पाणी मोजलेले असते. जलसंपदा विभागाकडे धरणाच्या पातळीच्या आणि विसर्गाच्या दशकानुदशकांच्या दैनिक नोंदी आहेत, आणि ही मोठी ठेव आहे. पण टर्बाइनवर पाणी येते ते शेतीच्या आवर्तनाच्या वेळापत्रकाने, विजेच्या गरजेने नव्हे. शिवाय उन्हाळी आवर्तनाला पाणी सोडले जाते तेव्हा धरण खाली गेलेले असते, उंचीचा फरक घटलेला असतो आणि रचनेपेक्षा कमी उंचीवर टर्बाइनची कार्यक्षमताही घसरते. पावसाळ्यात उलट अडचण होते. पाणी टर्बाइनच्या क्षमतेपेक्षा जास्त असल्याने सांडव्यावरून जाते आणि खालची पातळी चढल्यामुळे उंचीचा फरक पुन्हा कमी होतो. म्हणून सरासरी विसर्गाला सरासरी उंचीने गुणून काढलेले उत्पादन फसवे ठरते. दहा-दहा दिवसांचे पाणी त्या-त्या दहा दिवसांच्या उंचीशी जोडूनच गणित करावे लागते. आणि जुन्या नोंदी कितीही चांगल्या असल्या तरी पुढची तीस वर्षे तशीच जातील असे नाही. पुण्यासारख्या शहराचे पिण्याचे आरक्षण वाढत जाते, कालव्यांच्या जागी बंद नळ येतात. समन्यायी पाणीवाटपाच्या तरतुदीखाली २०१४ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आदेश झाल्यापासून तुटीच्या वर्षी नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीकडे पाणी सोडणे हा निश्चित प्रशासकीय व्यवहार झाला आहे. यातले काय विजेला पूरक आणि काय मारक, हे धरणागणिक वेगळे. परीक्षकाला जलशास्त्राबरोबर पाण्याचे कायदेही वाचता आले पाहिजेत.

बँका कर्ज देण्याआधी स्वतंत्र अभियंता नेमतातच, मग वेगळे काय हवे, असा दुसरा आक्षेप आहे. नेमतात, हे खरे. पण त्याचे शुल्क शेवटी कर्जदाराकडूनच वसूल होते. त्याला अहवाल तपासायला मिळतो तेव्हा जागा ठरलेली, परवाने घेतलेले आणि यंत्रांशी बोलणी झालेली असतात. पुढे बांधकामावर देखरेख करण्याचे कामही त्यालाच मिळण्याची आशा असते. आणि प्रकल्प नाकारला तर ते काम उरत नाही. तो प्रामाणिक असला तरी त्याला विचारला जाणारा प्रश्न ‘यात गंभीर अडचण आहे का’ असा असतो, ‘हे बांधावे का’ असा नसतो. माणसाच्या सचोटीवर विसंबण्यापेक्षा नेमणुकीची रीत बदलावी हे बरे. इरेडासारख्या, अक्षय ऊर्जेसाठीच १९८७ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी वित्तसंस्थेने परीक्षकांची नामिका ठेवावी, काम पाळीपाळीने द्यावे, शुल्क आधीच जमा करून घ्यावे आणि निष्कर्ष काहीही निघाला तरी ते पूर्ण द्यावे. परीक्षण करणाऱ्याला त्याच प्रकल्पाचे पुढचे कुठलेही काम मिळू नये. डीपीआर करणाऱ्याने मूळ नोंदवह्या, बोअरच्या गाभ्यांचे नमुने आणि गणिताच्या चालू फाइली दिल्याशिवाय परीक्षण सुरूच होऊ नये. यांत्रिक कसोटीचे उदाहरण आपल्याकडे आहेच. मंत्रालयाच्या अर्थसाहाय्यासाठी प्रकल्प उभा राहिल्यावर आयआयटी रुरकीकडून कामगिरीची चाचणी घ्यावी लागत आली आहे. ही चाचणी उत्तम आहे, पण ती पैसा खर्च झाल्यानंतरची आहे.

खर्चाचा आक्षेप मी सर्वांत गांभीर्याने घेतो. दोन मेगावॉटच्या प्रवर्तकाला पाच वर्षे पाणी मोजत बसणे आणि तज्ज्ञांचे पथक पोसणे झेपणार नाही, आणि तेवढ्या काळात सौरऊर्जेचे दर आणखी उतरतील. २०१७ मध्येच राजस्थानात भडला येथे सौरविजेची बोली २.४४ रुपये युनिटपर्यंत खाली आली होती. पण यातून निघणारा निष्कर्ष मोजणी टाळावी असा नाही. मोजणीचा भार ज्याने उचलायचा त्याने उचलावा असा आहे. जागांची यादी सरकारकडे आहे. जागा वाटणारे सरकार आहे. वाटपाआधी त्या ओढ्यांवर मापनपट्ट्या रोवून पाच-सात वर्षांच्या नोंदी जमवणे आणि त्या लिलावाच्या कागदांसोबत देणे हे काम राज्यानेच केले तर एका खोऱ्यातल्या दहा जागांना तीच नोंद उपयोगी पडेल. परीक्षणाचीही श्रेणी करता येईल. धरणाच्या पायथ्याच्या सोप्या प्रकल्पाला थोडके परीक्षण पुरेल, बोगदा आणि हिमनदी असलेल्याला पूर्ण हवे. आणि स्वस्त सौरविजेच्या काळात जलविद्युतेला स्थान आहे ते नेमके सूर्य मावळल्यावर वीज देण्यामुळे. ती संध्याकाळी खरेच मिळेल की नाही हे न पाहता बांधलेला प्रकल्प त्या युक्तिवादालाही कमकुवत करतो. अतिआशावादाची किंमत मोठ्या धरणांच्या बाबतीत मोजली गेली आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१४ मध्ये २४५ मोठ्या धरणांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात प्रत्यक्ष खर्च अंदाजापेक्षा सरासरी ९६ टक्क्यांनी जास्त निघाला. लहान प्रकल्पांना तोच आकडा लावणे चूक होईल. पण अंदाज बांधणाऱ्याचाच फायदा मंजुरीत असेल तर अंदाज कोणत्या दिशेला झुकतो, हे त्यावरून कळते.

परीक्षक सावधगिरी म्हणून चांगले प्रकल्पही मारून टाकतील, ही भीतीही बोलून दाखवली जाते. चांगल्या परीक्षणाचा अनुभव दोन्ही दिशांचा असतो. पाणी कमी निघते तसे जास्तही निघते. दोन समान टर्बाइनऐवजी एक मोठे आणि एक लहान घेतले तर कोरड्या महिन्यांतले पाणीही वापरता येते. कालव्यावर सलग असलेल्या दोन धबधब्यांचा उंचीचा फरक एकत्र करता येतो. ज्या प्रवर्तकाचे पाणी खरे आहे, त्याला तर हे परीक्षण कमी व्याजाचे कर्ज मिळवून देऊ शकते, कारण बँक व्याजात जी जोखीम धरते ती बरीचशी न मोजलेल्या पाण्याचीच असते.

एक मागणी मात्र मला सोडता येत नाही. परीक्षणाचा जलशास्त्रीय आणि भूशास्त्रीय भाग जाहीर व्हावा, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी स्थानिक भाषेत उपलब्ध व्हावा. वीजदराची बोलणी, यंत्रांच्या किमती हे व्यापारी गुपित समजू शकतो. ओढ्यात मार्च महिन्यात किती पाणी असते हे कोणाचेही गुपित नाही. जनसुनावणीची सक्ती नसलेल्या प्रकल्पांत ग्रामस्थांना बोलण्याची हीच एक जागा उरते. कूहलीवर शेती भिजवणाऱ्या शेतकऱ्याला तो तक्ता वाचून दाखवला तर फेब्रुवारीच्या दुसऱ्या दहा दिवसांचा आकडा अशक्य आहे, त्या दिवसांत आम्हालाच पाळी पुरत नाही, हे तो लगेच सांगेल. तेवढी हरकत नोंदवून घेणे आणि मिठाची बादली घेऊन त्याच आठवड्यात ती पडताळून पाहणे, हे परीक्षकाच्या कामाच्या यादीत लिहिलेले असायला हवे.